मोबाइल टॉवरमुळे पेशी ‘एक्झोसोम’ सोडतात? व्हायरल मेसेजमागचं खरं विज्ञान

लॉकडाऊनच्या दिवसांत तुमच्याही फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन गेला असेल. “कोरोना हा विषाणू नाहीच. 5जीच्या लहरींमुळे आपल्या पेशींमध्ये विष साठतं, ते विष पेशी छोट्या छोट्या फुग्यांतून बाहेर टाकतात. या फुग्यांना एक्झोसोम म्हणतात. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून हे फुगेच बघतात आणि त्यांनाच विषाणू म्हणतात.” खाली हात जोडलेल्या दोन इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

आमच्या ग्रुपवर तो एका काकांनी टाकला होता. काका इंजिनिअर आहेत, त्यामुळे बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला. गंमत म्हणजे त्या मेसेजमधला ‘एक्झोसोम’ हा शब्द खरा होता. विद्युतचुंबकीय क्षेत्राचा त्यांच्यावर परिणाम होतो, हे वाक्यसुद्धा पूर्ण खोटं नाही. अर्धी गोष्ट खरी असली की उरलेली अर्धी खपवणं सोपं जातं. म्हणून आज ही खरी अर्धी गोष्टच नीट बघूया.

हा मेसेज आला कुठून?

मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात झालेल्या एका परिषदेत थॉमस कोवन नावाच्या डॉक्टरचं भाषण झालं. विषाणू म्हणजे विषबाधा झालेल्या पेशींनी बाहेर टाकलेली घाण, आणि जगाचं ‘विद्युतीकरण’ वाढलं की साथ येते, असा त्यांचा दावा होता. 1918 च्या फ्लूचं कारण त्यांनी रेडिओ लहरींना चिकटवलं, आताच्या साथीचं 5जीला. भाषणाचा तुकडा जगभर फिरला. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये डझनावारी मोबाइल टॉवर पेटवले गेले. त्यातला एक टॉवर बर्मिंगहॅममध्ये कोविड रुग्णांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला नेटवर्क पुरवत होता. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला भेटायला फोनशिवाय दुसरा मार्ग नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट.

आपल्याकडे दुसऱ्या लाटेत हीच कथा परतली. 5जीच्या चाचण्यांमुळेच माणसं मरत आहेत असे ऑडिओ फिरू लागले आणि 10 मे 2021 रोजी दूरसंचार विभागाला अधिकृत खुलासा करावा लागला की भारतात कुठेही 5जीची चाचणी अजून सुरूच झालेली नाही. देशात 5जी सेवा सुरू झाली 1 ऑक्टोबर 2022 ला. तोवर दोन्ही मोठ्या लाटा येऊन गेल्या होत्या. खरं तर वाद इथेच मिटायला हवा. पण ‘एक्झोसोम’ हा शब्द लोकांच्या डोक्यात राहिला, आणि आता तोच शब्द वेगळ्या दुकानांत विकला जातोय. त्याकडे शेवटी येऊ.

पेशी खरंच काहीतरी बाहेर टाकतात

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी सतत अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असते. मराठीत त्यांना पुटिका म्हणतात. भोवती पेशीसारखंच चरबीचं पातळ आवरण, आत प्रथिनं, चरबीचे रेणू आणि आरएनएचे तुकडे. काही पुटिका पेशीच्या पोटात तयार होतात आणि मग बाहेर सोडल्या जातात, त्यांना एक्झोसोम म्हणतात. त्यांचा आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. केसाची जाडी 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास धरली तर एका केसाच्या रुंदीत शेकड्यांनी एक्झोसोम शेजारी शेजारी बसतील. दुसऱ्या प्रकारच्या पुटिका पेशीच्या पृष्ठभागावरूनच फुगा सुटावा तशा सुटतात, त्या थोड्या मोठ्या असतात.

यांचा शोध लागला तो कचरा म्हणूनच. 1967 साली पीटर वुल्फ या संशोधकाला रक्तातल्या बिंबिकांमधून सुटलेली बारीक पूड दिसली. त्यांनी तिला ‘बिंबिकांची धूळ’ असंच म्हटलं. पुढे 1983 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अर्धवट तयार झालेल्या लाल रक्तपेशींचा अभ्यास करत होत्या. लाल पेशी पूर्ण तयार होताना तिला नको असलेलं सामान बाहेर काढते. लोह आत घ्यायला लागणारं एक प्रथिन पेशीने पिशव्यांत भरून बाहेर टाकलेलं त्यांना दिसलं. ‘एक्झोसोम’ हे नाव या पिशव्यांना त्यांनीच दिलं. त्यानंतर बरीच वर्षं बहुतेकांनी हा पेशीचा केरकचराच मानला.

2007 मध्ये चित्र बदललं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की या पिशव्यांमध्ये आरएनए असतो, एवढंच नाही तर दुसरी पेशी तो उचलून त्यावरून प्रथिनं बनवू शकते. म्हणजे ज्याला आपण कचऱ्याची पिशवी समजत होतो ते टपाल निघालं. कर्करोगाच्या पेशी हे टपाल वापरतात, रोगप्रतिकारक पेशी वापरतात, स्नायू व्यायाम करताना वापरतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अशा कोट्यवधी पुटिका फिरत असतात. आणि हे आजारपणात नाही, अगदी धडधाकट माणसात.

मग एक्झोसोम आणि विषाणू सारखे दिसतात हे खरं आहे का? आहे. आकार जवळपास तोच, भोवती चरबीचं आवरण तेच. एचआयव्हीसारखे काही विषाणू तर पेशीबाहेर पडायला पुटिकांचीच यंत्रणा उसनी घेतात. 2003 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या तीन शास्त्रज्ञांनी एचआयव्हीबद्दल हा विचार मांडला. त्यातले एक जेम्स हिल्ड्रेथ. ‘विषाणू म्हणजे एक्झोसोमच’ असं सांगणाऱ्या मेसेजमध्ये नेमका त्यांचाच दाखला दिला जायचा. आणि हेच हिल्ड्रेथ साथीच्या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या लस सल्लागार समितीवर बसून लोकांना लस घ्यायला सांगत होते! चोर पोस्टमनचा गणवेश घालून आला म्हणून सगळे पोस्टमन चोर होत नाहीत, इतकं साधं आहे हे. विषाणूकडे स्वतःच्या प्रती काढायची पूर्ण कृती असते. एक्झोसोमकडे ती नसते. तो एका पेशीतून दुसरीत गेला की तिथेच त्याचा प्रवास संपतो.

आता मुख्य प्रश्न: क्षेत्राचा परिणाम होतो का?

होतो. पण ‘विद्युतचुंबकीय क्षेत्र’ हा शब्द फार मोठा आहे. त्यात क्ष-किरण येतात, ऊन येतं, घरातल्या वायरिंगचं 50 हर्ट्झचं क्षेत्र येतं, रेडिओ येतो, मोबाइल येतो. ‘पाण्याने माणूस मरतो का?’ असं विचारल्यावर जशी पंचाईत होते तशीच इथेही होते. पेलाभर पाणी की पूर आलेली नदी, हे आधी सांगावं लागतं.

सगळ्यात पक्का पुरावा क्ष-किरणांसारख्या आयन तयार करणाऱ्या किरणांबद्दल आहे. 1992 मध्ये हार्वर्डमधल्या नागासावा आणि लिटल या जोडीने पेशींवर अल्फा कणांचा अगदी विरळ मारा केला (अल्फा कण विद्युतचुंबकीय नसतात, पण ते आणि क्ष-किरण दोघेही रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात). एक टक्क्याहून कमी पेशींच्या केंद्रकाला कण लागला होता, तरी सुमारे 30 टक्के पेशींच्या गुणसूत्रांत बदल दिसले. ज्यांना काहीच लागलं नाही त्या पेशींना बातमी कुणी दिली? पुढे ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना क्ष-किरण देऊन त्यांच्या पुटिका वेगळ्या काढल्या गेल्या आणि किरण न लागलेल्या पेशींवर टाकल्या गेल्या. त्या पेशींमध्येही नुकसान दिसलं. पुटिकांमधला आरएनए नष्ट केल्यावर परिणाम ओसरला. निरोप नेणाऱ्यांत या पुटिकाही होत्या.

उन्हाचंही तसंच. भर दुपारी शेतात किंवा समुद्रकिनाऱ्यावर त्वचा भाजते तेव्हा अतिनील किरण फक्त त्वचेपर्यंतच पोहोचतात, पण अंग सगळंच मोडून येतं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्या गटाने दाखवलं की अतिनील किरण पडले की त्वचेच्या पेशी दाह वाढवणाऱ्या रेणूंनी भरलेल्या पुटिका सोडतात. या पुटिका दूरवर जाऊ शकतात.

आता विजेकडे येऊ. इथे परिणाम मुद्दाम घडवून आणला जातो. ओहायो स्टेट विद्यापीठात जेम्स ली यांच्या गटाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या चकतीवर पेशी वाढवल्या आणि त्या छिद्रांतून विजेचे छोटे झटके दिले. 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या कामात पेशींनी इतर पद्धतींच्या तुलनेत 50 पटींपर्यंत जास्त एक्झोसोम सोडले, आणि त्यात हवा तो आरएनए हजार पटींहून जास्त भरला गेला. हे भरलेले एक्झोसोम मेंदूच्या गाठी असलेल्या उंदरांना औषध म्हणून दिले गेले. म्हणजे ज्या गोष्टीला मेसेजमध्ये ‘विष’ म्हटलं होतं, ती प्रयोगशाळेत औषधाचं वाहन म्हणून वापरली जातेय.

वीज लागल्यावर पेशी पिशव्या का सोडते? याच्या मुळाशी बहुतेक वेळा कॅल्शियम असतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असतं, आत मात्र हजारो पटींनी कमी. आवरणाला छिद्र पडलं किंवा आवरणातलं कॅल्शियमचं दार उघडलं की ते धरण फुटल्यासारखं आत येतं. पेशीसाठी ही धोक्याची घंटा असते. आतल्या पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, आवरणाला चिकटतात आणि बाहेर पडतात. आवरणाची दुरुस्तीसुद्धा पेशी याच मार्गाने करते.

सिंगापूरचा प्रयोग आणि स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातलं आहे, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेलं. अल्फ्रेडो फ्रँको-ओब्रेगॉन यांच्या गटाने स्नायूंच्या पेशींना तारेच्या वेटोळ्यात ठेवून थोडाच वेळ चुंबकीय क्षेत्राचे स्पंद दिले. क्षेत्र तसं सौम्य, फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या चुंबकाहूनही कमी. तरीही पेशींनी जास्त पुटिका सोडल्या. क्षेत्राची दिशा बदलली की परिणामही बदलायचा.

आणि एक अडथळा सापडला: स्ट्रेप्टोमायसिन. हो, तेच टीबीचं जुनं इंजेक्शन. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना जंतू लागू नयेत म्हणून पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन सर्रास घातलं जातं, इतकं की अनेकदा त्याकडे कुणी लक्षही देत नाही. पण स्ट्रेप्टोमायसिन पेशीच्या आवरणातली काही कॅल्शियमची दारं अडवतं. ते घातलं की चुंबकाचा परिणाम नाहीसा व्हायचा. यावरून कळलं की चुंबकीय स्पंद कॅल्शियमच्या दारातूनच आपलं काम करत असावेत. शिवाय चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासांत कुणाला परिणाम दिसतो, कुणाला दिसत नाही, यामागचं एक कारणही इथे हाती लागतं. ‘शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही’ असं आपण ऐकतो तेव्हा कधी कधी भांडणाचं मूळ अशा एखाद्या बाटलीत असतं.

अशा फसगती या क्षेत्रात बऱ्याच आहेत. 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यू वूड यांच्या गटाने विजेच्या झटक्याने एक्झोसोममध्ये आरएनए भरून तो उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवला, आणि जगभर त्या पद्धतीची लाट आली. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी दाखवलं की झटका दिल्यावर धातूच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या आयनांमुळे आरएनएच्या गुठळ्या होतात. त्या पुटिकांबरोबरच तळाला बसतात आणि मोजताना वाटतं, वा, किती माल भरला गेला! प्रत्यक्षात पुटिकांच्या आत फारच थोडं गेलेलं असतं. पुटिका मोजायची नेहमीची यंत्रंही कणाची जात ओळखत नाहीत, ती फक्त कण मोजतात. पेशींना खाद्य म्हणून घातलेल्या वासराच्या रक्तद्रवातल्या पुटिकासुद्धा त्यात मोजल्या जाऊ शकतात. म्हणून ‘क्षेत्र लावलं, पुटिका वाढल्या’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मी थांबतो. वेटोळं गरम होऊन तापमान वाढलं नव्हतं ना? वेटोळ्यात ठेवलेल्या, पण वीज बंद असलेल्या पेशींशी तुलना केली होती का? ही माहिती नसेल तर तो निष्कर्ष मी तरी पुढे पाठवत नाही.

मग मोबाइलचं काय?

थोडं गणित करूया. 5जीच्या 3.5 गिगाहर्ट्झ लहरीतल्या एका कणाची ऊर्जा त्वचा भाजणाऱ्या अतिनील कणाच्या ऊर्जेपेक्षा सुमारे पावणेतीन लाख पट कमी असते. आपलं शरीर 37 अंशांवर असतं, त्या उबेमुळे रेणूंची सतत जी धक्काबुक्की चालू असते, तिच्यापेक्षाही ती ऊर्जा सुमारे 1800 पट कमी. म्हणून क्ष-किरण किंवा ऊन जसं रेणू मोडतं तसं मोबाइलची लहर मोडू शकत नाही.

‘पण सिंगापूरच्या चुंबकानेही रेणू मोडले नव्हते, तरी परिणाम झालाच ना?’ प्रश्न रास्त आहे. फरक वेगाचा आहे. त्या वेटोळ्यातले स्पंद संथ होते. पेशीच्या आवरणातलं दार उघडायला मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. 3.5 गिगाहर्ट्झचं क्षेत्र सेकंदाला 350 कोटी वेळा उलटसुलट होतं. दार इकडे सरकायच्या आत धक्का तिकडून बसतो. एकुणात उरते ती उष्णता, आणि ती ताकदीवर ठरते. मायक्रोवेव्ह ओव्हन 800 वॉट एका बंद डब्यात कोंडतो, फोन जास्तीत जास्त 0.2 वॉटच्या आसपास सोडतो. टॉवरची ताकद मोठी असली तरी ती अंतराच्या वर्गाने विरत जाते, त्यामुळे सहसा लांबच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनचीच लहर आपल्याला जास्त लागते. भारताने 2012 मध्ये टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. मेसेजमध्ये हे वाक्य हमखास असतं. त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे, हे मात्र नसतं. हा गट ‘पुरावा अपुरा आहे, पण नाकारताही येत नाही’ असं सांगतो. फोन कमी वापरायचा असेल तर जरूर वापरा, इअरफोन लावा, त्यात तोटा काहीच नाही. पण त्याचा संबंध पेशींनी ‘विष ओकण्याशी’ जोडू नका.

भीती विकली, आता आशा विकतात

भीतीचा मेसेज जुना झाला तसा बाजार पलटला. आता इन्स्टाग्रामवर ‘एक्झोसोम फेशियल’च्या जाहिराती दिसतात, आणि ‘पेशी रिचार्ज करणाऱ्या’ चुंबकीय गाद्यांच्याही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्येच एक्झोसोम उत्पादनांबद्दल सावध केलं होतं, कारण नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं टोचून घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आणि चुंबकीय गादीचं म्हणाल, तर सिंगापूरच्या प्रयोगात दिशा, वेळ आणि तीव्रता ठरलेली होती, आणि तिथे होत्या बशीतल्या पेशी. गादीवर झोपलेल्या माणसाला तेच निष्कर्ष लावता येत नाहीत. शिवाय पुटिका वाढणं म्हणजे बरं वाटणं नव्हे. क्ष-किरणांनी वाढतात त्याही पुटिकाच.

सगळ्यात अजब प्रकार नेदरलँड्समध्ये घडला. 5जीपासून संरक्षण देतो म्हणून विकली जाणारी लॉकेटं, ब्रेसलेट आणि लहान मुलांचे दागिनेसुद्धा तिथल्या अणुसुरक्षा संस्थेने तपासले. डिसेंबर 2021 मध्ये संस्थेने जाहीर केलं की अशा 10 वस्तू किरणोत्सारी आहेत. म्हणजे ज्या लहरी पेशीतला रेणूही मोडू शकत नाहीत त्यांच्या भीतीने लोकांनी गळ्यात घातलं काय, तर खरोखर रेणू मोडणारा किरणोत्सर्ग, तोही चोवीस तास त्वचेला चिकटून. संस्थेने सांगितलं की या वस्तू ताबडतोब काढा, सुरक्षित जागी ठेवून द्या आणि परत देण्याच्या सूचनांची वाट पाहा.